कॅम्पर ट्रेलरमधील वीजपुरवठ्याच्या तक्रारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंच, ताडोबा, चिखलदरा किंवा समृद्धी महामार्गाने थेट मुंबईच्या दिशेने निघणाऱ्या नागपूरच्या कॅम्परधारकांकडून विजेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. गृहीत धरलेली रचना साधी आहे : ट्रेलरमध्ये १२ व्होल्टची बॅटरी, छतावर सोलर पॅनल, २३० व्होल्टसाठी इन्व्हर्टर आणि मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून वीज घेण्यासाठी एक प्लग. उत्तरांमध्ये एक आग्रह वारंवार दिसेल, तो असा की कोणताही भाग बदलण्याआधी भार, म्हणजे वीज घेणारे उपकरण, चालू ठेवून मोजमाप घ्यावे. निकामी ठरवून बदललेल्या बऱ्याच बॅटऱ्या मुळात चांगल्या असतात आणि खरा दोष एखाद्या सैल जोडात किंवा बारीक वायरमध्ये तसाच राहून जातो.

कॅम्परमधील सर्वच उपकरणे एकदम बंद पडली आहेत. तपासणी कोठून सुरू करावी?

प्रथम बिघाड १२ व्होल्टच्या बाजूला आहे की २३० व्होल्टच्या, हे ठरवावे. या दोन बाजू ट्रेलरमध्ये केवळ चार्जर आणि इन्व्हर्टर या दोनच ठिकाणी एकत्र येतात. छतातील एलईडी दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज बंद असतील, तर दोष बॅटरीच्या बाजूला आहे. दिवे लागत असूनही सॉकेटमध्ये वीज नसेल, तर इन्व्हर्टर किंवा बाहेरची जोडणी पाहावी.

१२ व्होल्टची बाजू बंद असल्यास मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धरून ठेवावी आणि लाल पिनने क्रमाने पुढे जावे : आधी बॅटरीचे पॉझिटिव्ह टर्मिनल, मग मुख्य फ्यूजच्या दोन्ही बाजू, मग मुख्य स्विच आणि शेवटी फ्यूज बॉक्स. ज्या टप्प्यावर व्होल्टेज नाहीसे होते, त्या टप्प्यात आणि त्याच्या आधीच्या टप्प्यादरम्यान दोष आहे. सर्व ठिकाणी व्होल्टेज मिळूनही काहीच चालत नसेल, तर निगेटिव्हची वायर तुटलेली किंवा गंजलेली असण्याची शक्यता सर्वाधिक असते आणि नेमकी हीच वायर तपासायची राहून जाते.

लिथियम बॅटरीच्या टर्मिनलवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसले, तरी ती निकामी झाली असे लगेच समजू नये. आतील संरक्षक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते अतिडिस्चार्ज, अतिभार किंवा अतितापमान यांपैकी एखाद्या कारणाने बॅटरी बाहेरून तोडते. सर्व भार काढून लिथियमसाठी योग्य असलेला चार्जर लावल्यास बहुतेक वेळा ती पुन्हा सुरू होते.

तपासणीसाठी कोणती साधने जवळ असावीत?

एक चांगला डिजिटल मल्टिमीटर, डीसी करंट मोजू शकणारा क्लॅम्प मीटर, २१ वॅटचा एक साधा १२ व्होल्टचा बल्ब दोन वायरींसह, प्रत्येक क्षमतेचे दोन-दोन जादा फ्यूज आणि टर्मिनल आवळण्याचे पाने एवढे पुरेसे आहे. क्लॅम्प मीटर विकत घेताना तो डीसी मोजतो याची खात्री करून घ्यावी, कारण स्वस्त क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी मोजतात.

बॅटरी किती भरलेली आहे, हे व्होल्टेजवरून कसे ओळखावे?

लेड-अ‍ॅसिड बॅटरीला चार्जिंग आणि भार या दोन्हींपासून काही तास विश्रांती दिल्यानंतरच तिचे व्होल्टेज काही सांगू शकते. अशा स्थितीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, सुमारे १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. एजीएम या बंदिस्त लेड-अ‍ॅसिड प्रकारात हे आकडे किंचित वर असतात. सोलर चालू असताना दिसणारे १३.५ किंवा १४ व्होल्ट हे चार्जरचे व्होल्टेज आहे; त्यावरून बॅटरी भरली असा निष्कर्ष काढू नये.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच्या बाबतीत व्होल्टेज जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण क्षमतेच्या मधल्या मोठ्या भागात ते १३.० ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान स्थिर राहते आणि शेवटच्या टप्प्यात झपाट्याने कोसळते. अशा बॅटरीसोबत शंट असलेला मॉनिटर बसवावा, जो आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजतो.

मीटर १२.५ व्होल्ट दाखवतो, परंतु पंप किंवा इन्व्हर्टर सुरू करताच दिवे मंदावतात. बॅटरी बदलावी का?

अद्याप नाही. हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतल्यास निम्म्या तक्रारी स्वतःच सोडवता येतात, म्हणून येथे ते सविस्तर दिले आहे.

भार नसताना वायरमधून करंट वाहत नाही, त्यामुळे अगदी खराब जोडातूनही मीटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचते. करंट वाहू लागला की त्याच जोडाचा रोध व्होल्टेज खाऊ लागतो. म्हणून भार चालू ठेवून दोन मोजमापे घ्यावीत : एक थेट बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर (थिंबलवर) पिन न ठेवता खुद्द टर्मिनलवर, आणि दुसरे उपकरणाच्या टर्मिनलवर. बॅटरीवरच व्होल्टेज ११ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी रिकामी किंवा थकलेली आहे. ती पूर्ण भरून पुन्हा तीच चाचणी घ्यावी. बॅटरीवर १२.३ आणि उपकरणावर ११.२ दिसत असेल, तर १.१ व्होल्ट वाटेत हरवत आहेत आणि नवी बॅटरी आणूनही ते हरवतच राहतील.

हरवलेले व्होल्टेज कोठे जाते, हे शोधण्यासाठी मीटर व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन पिना संशयित भागाच्या दोन टोकांना लावाव्यात, भार मात्र चालूच असावा. फ्यूज होल्डरच्या दोन टोकांमध्ये, मुख्य स्विचच्या दोन टोकांमध्ये आणि थिंबल व टर्मिनल यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा अधिक दिसले, तर तो जोड उघडून साफ करावा. पॉझिटिव्हच्या बाजूला काही सापडले नाही, तर निगेटिव्हच्या बाजूलाही हीच तपासणी करावी.

असा जोड उघडल्यावर काय दिसते, तेही सांगणे उपयोगी ठरेल. थिंबलच्या मानेजवळ वायरचे लाल इन्सुलेशन तपकिरी आणि कडक झालेले असते, आतील तांब्याच्या तारा चकाकी गमावून काळवंडलेल्या असतात आणि पक्कड न वापरता केवळ पिटून बसवलेले थिंबल हाताने ओढताच निघून येते. आणखी एक दोष नेहमी आढळतो : बोल्टवर आधी लोखंडी वॉशर आणि त्यावर थिंबल बसवलेले असते, त्यामुळे सगळा करंट वॉशरमधून जातो. थिंबल थेट टर्मिनलच्या सपाट पृष्ठभागाला टेकले पाहिजे आणि वॉशर त्याच्या वर असला पाहिजे. इन्व्हर्टरच्या जोडणीत हा एक वॉशर इतका तापतो की शेजारचे प्लास्टिक वितळते.

जोड चांगले असूनही व्होल्टेज घटत असेल, तर वायर बारीक आहे. बॅटरीपासून ६ मीटर अंतरावरील उपकरणासाठी जाऊन-येऊन १२ मीटर वायर लागते. ती २.५ चौरस मिलिमीटरची असेल आणि तिच्यातून १० अँपिअर वाहत असतील, तर सुमारे १ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतो. तीच वायर १० चौरस मिलिमीटरची घेतल्यास ही घट पाव व्होल्टच्या आत येते. घरातील २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये १ व्होल्ट गेल्याने काही बिघडत नाही, म्हणून घरकाम करणारा इलेक्ट्रिशियन सवयीने २.५ ची वायर टाकतो. १२ व्होल्टमध्ये मात्र तो एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के.

नागपूरहून चिखलदऱ्यापर्यंत गाडी चालवूनही ट्रेलरची बॅटरी भरत नाही. असे का होते?

बहुधा ट्रेलरच्या सात पिनांच्या प्लगमधूनच बॅटरीला चार्जिंग दिलेले असते आणि त्या प्लगमधील वायर दिव्यांसाठी असते. दीड चौरस मिलिमीटरची वायर गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत आठ मीटर आणि परत आठ मीटर धावत असेल, तर केवळ ५ अँपिअरला सुमारे १ व्होल्ट घटतो. अल्टरनेटरने १४.२ व्होल्ट दिले तरी बॅटरीपर्यंत १३.२ पोहोचतात आणि तेवढ्यावर लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरत नाही.

दुसरे कारण नव्या गाड्यांमध्ये आढळते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यानंतरच्या अनेक गाड्यांमध्ये स्मार्ट अल्टरनेटर असतो. इंजिनावरील भार कमी करण्यासाठी तो गाडीची बॅटरी भरताच व्होल्टेज उतरवतो. अशा गाडीला दोन्ही बॅटऱ्या जोडणारा साधा रिले (आपोआप चालणारा स्विच) लावून उपयोग होत नाही. ट्रेलरमध्ये, तेथील बॅटरीच्या जवळ, गाडीकडून येणारे व्होल्टेज बॅटरीला हवे तेवढे करून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा आणि गाडीच्या बॅटरीपासून त्याच्यापर्यंत फ्यूजसह जाड स्वतंत्र वायर आणावी. ३० अँपिअरच्या चार्जरसाठी १६ चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास अडचण येत नाही. लिथियम बॅटरी असल्यास हा चार्जर आवश्यकच आहे, कारण रिकामी लिथियम बॅटरी थेट जोडल्यास ती अल्टरनेटरमधून त्याला झेपेल त्याहून अधिक करंट ओढू शकते.

एप्रिल-मे महिन्यांत बॅटऱ्या लवकर खराब होतात, हा समज खरा आहे का?

खरा आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेले असते आणि त्यापुढे दर १० अंशांना ते अंदाजे निम्मे होते. नवतप्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रेलरच्या आत, विशेषतः पुढच्या लोखंडी पेटीत, तापमान त्याहूनही वर जाते.

उष्णतेत चार्जिंगचे व्होल्टेज कमी करावे लागते. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठी २५ अंशांपुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.०२ ते ०.०३ व्होल्ट उतरवावे लागतात. ४५ अंशांना ही घट सुमारे अर्धा व्होल्ट होते. चार्जरला किंवा सोलर कंट्रोलरला तापमान सेन्सर असल्यास त्याची वायर बॅटरीच्या अंगाला चिकटवलेली असावी. सेन्सर खोक्यात तसाच पडून राहिला, तर कंट्रोलर थंड हवेच्या हिशेबाने जास्त व्होल्टेज देतो, पाणी उडते आणि प्लेटा उघड्या पडतात. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर पंधरवड्याला पाहावी. नळाचे किंवा आरओचे पाणी टाकू नये.

लिथियम बॅटरीला पाण्याची चिंता नसते, परंतु तिच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी कमाल तापमान दिलेले असते, जे अनेकदा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. दुपारी सोलर भरपूर असूनही चार्जिंग शून्य दिसते आणि संध्याकाळी आपोआप सुरू होते, तेव्हा बीएमएसने स्वतःचे काम केलेले असते. उपाय एकच, बॅटरी लोखंडी पेटीतून काढून ट्रेलरच्या आत पलंगाखाली, जमिनीलगत, हवा खेळेल अशा जागी आणावी. लेड-अ‍ॅसिडची उघडी बॅटरी मात्र आत आणू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

२०० वॅटच्या पॅनलमधून भर उन्हातही २०० वॅट का मिळत नाहीत?

पॅनलवर लिहिलेला आकडा सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेला असतो. मे महिन्याच्या दुपारी सेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतात आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते, म्हणजे पंधरा टक्के तेथेच गेली. पॅनल छताला थेट चिकटवलेले असेल, तर ते अधिक तापते; खाली काही सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. स्वच्छ दिवशी सपाट बसवलेल्या २०० वॅटच्या पॅनलमधून प्रत्यक्षात ५० अँपिअर-तासांच्या आसपास चार्ज मिळाला, तर रचना ठीक आहे असे समजावे.

त्याहून बरेच कमी मिळत असेल, तर आधी सावली पाहावी. पेंचमधील सिल्लारीच्या सागवनाखाली मुक्काम केल्यास एका फांदीची सावलीही पॅनलचा एक तृतीयांश भाग बंद पाडू शकते, कारण सेलचा तो पूर्ण गट बायपास होतो. नंतर धूळ पाहावी. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात उभ्या ट्रेलरवर राखेचा बारीक थर बसतो, जो खालून दिसत नाही आणि कोरड्या फडक्याने पुसल्यास काचेवर ओरखडे उमटतात. भरपूर पाण्याने धुवावा, तोही सकाळी पॅनल थंड असताना.

कॅम्परमधील १२ व्होल्टचा फ्रिज मध्यरात्री बंद पडतो. बॅटरी तर निम्मी भरलेली असते.

कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये लो-व्होल्टेज कटऑफ असतो आणि तो स्वतःच्या प्लगवरचे व्होल्टेज पाहतो. बॅटरीवर १२.१ असताना बारीक वायर आणि सिगारेट लायटर पद्धतीचा सैल सॉकेट यांतून अर्धा-पाऊण व्होल्ट गेल्यास फ्रिजला ११.४ दिसतात, आणि कटऑफ वरच्या पातळीवर ठेवलेला असेल तर तो बंद होतो. लायटर सॉकेट काढून फ्रिजला थेट वायर आणि कुलूप बसणारा जोड द्यावा, आणि कटऑफची पातळी मधली ठेवावी.

उन्हाळ्यात फ्रिज अधिक वेळ चालतो, हेही हिशेबात धरावे. चालताना ४ अँपिअर घेणारा फ्रिज दिवसाच्या साठ टक्के वेळ चालला, तर २४ तासांत सुमारे ५८ अँपिअर-तास लागतात.

इन्व्हर्टर मिक्सर लावताच शिट्टी वाजवून बंद होतो. इन्व्हर्टर कमी क्षमतेचा आहे का?

१००० वॅटच्या भाराला १२ व्होल्टवर सुमारे ९५ अँपिअर लागतात आणि मिक्सर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या नेहमीच्या भाराच्या कितीतरी पट करंट ओढतो. बहुतेक इन्व्हर्टर १०.५ व्होल्टच्या आसपास बंद होतात. म्हणून इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मीटर लावून मिक्सर सुरू करावा. व्होल्टेज तेथे कोसळत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे वायर, थिंबल आणि बॅटरी तपासावी. कोसळत नसूनही इन्व्हर्टर बंद होत असेल, तरच त्याची क्षमता अपुरी आहे. इन्व्हर्टर बॅटरीपासून एक-दीड मीटरच्या आत असावा.

रात्रभर कूलर चालवता येईल का?

नागपूरकरांचा उन्हाळा कूलरविना जात नाही, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. १८० वॅटचा साधा कूलर इन्व्हर्टरवर चालवल्यास बॅटरीतून सुमारे १७ अँपिअर जातात, आठ तासांचे १३६ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, जिचा निम्माच भाग वापरणे योग्य असते, तीन तासांत तिच्या मर्यादेला पोहोचेल. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी पाच तासांच्या आसपास चालेल. थेट १२ व्होल्टवर चालणारा, २५ वॅटपर्यंतचा पंखा रात्रभरात १६-१७ अँपिअर-तासच घेतो. कूलर हवाच असेल, तर बीएलडीसी मोटरचा आणि १२ व्होल्टचा पंप असलेला घ्यावा, म्हणजे इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवण्याचा खर्चही वाचतो. एसी मात्र बाहेरच्या विजेवरच चालवावा.

रिसॉर्ट किंवा ढाब्यावर वीज जोडल्यावर ट्रेलरच्या लोखंडी भागाला हात लावताच झिणझिण्या येतात. हे धोक्याचे आहे का?

होय, आणि कारण सापडेपर्यंत प्लग काढून ठेवावा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाला जी झिणझिणी जाणवते, ती उद्या प्राणघातक ठरू शकते.

सौम्य झिणझिणीचे नेहमीचे कारण म्हणजे त्या सॉकेटला अर्थिंग नसणे. चार्जर आणि अडॅप्टरमधील फिल्टर थोडासा करंट सांगाड्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर ट्रेलरच्या सांगाड्यावर साधारण निम्मे व्होल्टेज चढून बसते. त्या वेळी करंट अल्प असतो, परंतु उद्या कूलरच्या मोटरची वायर सोलून सांगाड्याला टेकली, तर अर्थिंग नसल्याने एमसीबी पडत नाही आणि सांगाडा पूर्ण २३० व्होल्टवर राहतो.

प्लग जोडण्यापूर्वी सॉकेटवर मल्टिमीटरने तीन मोजमापे घ्यावीत. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २०७ ते २५३ व्होल्ट असावेत. फेज आणि अर्थिंग यांच्यात जवळजवळ तेवढेच असावेत. येथे ८०, १२० असे डळमळणारे आकडे दिसले, तर अर्थिंग तुटलेले आहे. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात एक-दोन व्होल्ट असणे स्वाभाविक आहे. शेजारच्या सॉकेटवर मोठा भार चालू असतानाही तेथे अगदी शून्य दिसत असेल, तर कोणीतरी सॉकेटच्या आतच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडलेली असण्याची शंका घ्यावी. हा प्रकार सर्वांत घातक आहे : न्यूट्रल तुटताच ट्रेलरचा संपूर्ण सांगाडा जिवंत होतो. अशा ठिकाणी वीज घेऊच नये.

अर्थिंग खरोखर करंट वाहून नेते की नाही, हे पाहण्यासाठी इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब लावून पाहतात. ४० वॅटचा बल्बही सुमारे १७० मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे सॉकेटच्या मागे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारे उपकरण) असेल तर ते लगेच पडेल. ते पडणे ही चांगली खूण आहे.

ट्रेलरमध्ये वीज शिरते त्या पहिल्याच ठिकाणी ३० मिलिअँपिअरचे, फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारे आरसीसीबी आणि त्यानंतर एमसीबी असलेच पाहिजे. त्यावरचे टेस्टचे बटण प्रत्येक सहलीच्या आधी दाबून पाहावे. ज्या ट्रेलरमध्ये हे नाही, त्यात सोलर किंवा सजावटीवर खर्च करण्याआधी ते बसवावे.

आरसीसीबी वारंवार पडते. ते काढून टाकले तर चालेल का?

नाही. सर्व उपकरणांचे प्लग काढून आरसीसीबी चालू करावे आणि मग एकेक प्लग लावत जावा. ज्या उपकरणाला ते पडेल, त्यात गळती आहे. पाणी लागलेला कूलरचा पंप आणि जुना गीझर हे नेहमीचे दोषी. एकही उपकरण नसताना पडत असेल, तर ट्रेलरच्या वायरिंगमध्ये ओल शिरली आहे किंवा पत्र्याच्या कडेला वायर सोलली गेली आहे.

एक्स्टेन्शन बोर्डची वायर गरम होते. काय करावे?

वायर पूर्ण उलगडावी, कारण रिळावर गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून एसी, इंडक्शन शेगडी किंवा गीझर चालवू नये. त्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची वायर लागते.

जनरेटरवर टेस्टर दोन्ही बाजूंना मंद पेटतो. जनरेटर खराब आहे का?

लहान पोर्टेबल जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थिंगला जोडलेले नसते, त्यामुळे असे दिसते. जनरेटर खराब नसतो, परंतु अशा जोडणीत पहिला दोष घडला तरी आरसीसीबी पडत नाही. अनेक लहान इन्व्हर्टरांनाही हेच लागू होते. न्यूट्रल कोठे आणि कसे जोडायचे, हे त्या यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे जाणकाराकडूनच ठरवून घ्यावे.

ट्रेलरचा इंडिकेटर लावला की मागचे सगळेच दिवे मंद लुकलुकतात.

निगेटिव्हची वायर तुटलेली आहे आणि करंट इतर बल्बांमधून किंवा गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या कपलिंगच्या गोळ्यामधून परतीची वाट शोधत आहे. ग्रीस आणि गंज यांमुळे तो गोळा भरवशाचा वाहक नसतो. सात पिनांच्या प्लगमधील निगेटिव्हची पिन, जी प्रचलित रचनेत तिसरी आणि पांढऱ्या वायरची असते, साफ करावी आणि ट्रेलरच्या सांगाड्यावरील जोड रंग खरवडून पुन्हा आवळावा.

एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. मोठा फ्यूज टाकावा का?

कधीही टाकू नये. फ्यूज उपकरणासाठी नसून वायरसाठी असतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३० अँपिअरचा फ्यूज टाकल्यास पुढच्या वेळी वायर जळते, आणि ट्रेलरमध्ये तिच्या भोवती प्लायवूड, फोम आणि बहुधा गॅसचे सिलिंडर असते. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडावा आणि त्या सर्किटवरील उपकरणे काढून टाकावीत. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटला, तर वायर कोठेतरी सांगाड्याला टेकली आहे. मग दाराची बिजागरी, ड्रॉबारचे वळण, पत्र्यातील भोके अशा ठिकाणी वायर हलवत जावे. बल्ब विझेल ती जागा दोषाची. मुख्य फ्यूज बॅटरीपासून २० सेंटिमीटरच्या आसपास असावा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरला कोणतेच संरक्षण नसते.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ट्रेलरमध्ये वापरता येईल का?

वापरता येते, परंतु आम्ही सुचवत नाही. उंच ट्यूब्युलर बॅटरी एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली असते; घाटात कलल्यावर अ‍ॅसिड सांडते आणि धक्क्यांनी प्लेटा सैल होतात.

पावसाळ्यात ट्रेलर दोन-तीन महिने उभा राहतो आणि बॅटरी उतरते. कारण काय?

मुख्य स्विच बंद असूनही गॅस अलार्म, म्युझिक सिस्टिम किंवा इन्व्हर्टरचा स्टँडबाय थेट बॅटरीला जोडलेला असतो. ५० मिलिअँपिअरची गळती दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास खाते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तेथे मीटर अँपिअरवर जोडावा आणि एकेक फ्यूज काढत आकडा कधी उतरतो ते पाहावे. या वेळी मोठा भार सुरू करू नये, अन्यथा मीटरचा फ्यूज उडतो.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरून आणि महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवावी. लिथियम निम्मी भरून, वायर काढून ठेवल्यास पुरेसे आहे. पावसाळ्यानंतर प्लगच्या पिनांवरील हिरवट गंज साफ करावा, टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावावी आणि पलंगाखालील वायरींवर उंदरांचे दात लागले आहेत का, हे टॉर्च घेऊन पाहावे.

इलेक्ट्रिशियनला बोलावताना काय सांगावे?

केवळ "लाइट नाही" असे सांगितल्यास तो २३० व्होल्टची तयारी करून येतो. बॅटरीचा प्रकार आणि क्षमता, विश्रांतीनंतरचे व्होल्टेज, भार चालू असताना बॅटरीवर आणि उपकरणावर मिळालेले व्होल्टेज, आणि तक्रार सोलरवर, गाडी चालू असताना की बाहेरच्या विजेवर दिसते, एवढे लिहून पाठवावे. शक्य असल्यास फ्यूज बॉक्सचा आणि बॅटरीच्या टर्मिनलचा जवळून घेतलेला फोटोही जोडावा. या माहितीवरून तो योग्य मापाचे थिंबल, वायर आणि क्रिंपिंगची पक्कड सोबत आणू शकतो आणि हिंगणा किंवा कामठी रोडवरून दुसरी खेप मारण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.